रेफरन्स लिस्टमुळे पेपर परत आला, पुन्हा पाठवण्याआधी काय काय तपासू?

खाजनकाठ (डिचोली)

नमस्कार मंडळी. ताळगाव पठारावर पीएचडी करतो आहे. विषय तिसवाडीच्या खाजनांतला (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींतला) काळुंदर हा मासा. मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, भरतीचे पाणी आत घेतले की आतल्या तळ्यांचा खारेपणा कसा बदलतो आणि त्याचा माशाच्या वाढीवर काय परिणाम होतो, हा पेपरचा गाभा. माझा पहिलाच पेपर.

एका परदेशी जर्नलला पाठवला होता. रिव्ह्यूला जाण्याआधीच ऑफिसकडून परत आला. विज्ञानाबद्दल एक शब्दही नाही, सगळे संदर्भांबद्दल. मजकुरातल्या काही सायटेशन (कंसातले संदर्भ) यादीत सापडत नाहीत आणि यादीतले काही संदर्भ मजकुरात कुठेच नाहीत. जर्नलची नावे कुठे पूर्ण, कुठे संक्षिप्त. डीओआय (लेखाचा कायमचा ओळखक्रमांक) काहींना आहे, काहींना नाही. शिवाय ‘ब्लॉक, 1790 यादीत नाही’ अशी वेगळी सूचना.

यादीत सत्तरेक संदर्भ आहेत. काही मी हाताने टाइप केलेत, काही मेंडली या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधून आलेत, काही सीनियरच्या थीसिसमधून घेतलेत आणि काही गूगल स्कॉलरच्या ‘साइट’ बटणावरून. जर्नलची पद्धत कंसात लेखक आणि वर्ष अशी आहे. सर म्हणतात, चवथीच्या आधी परत पाठव. सुरुवात कुठून करू?

सडा_वास्को

हाताने करत बसू नकोस. झोटेरो उतरवून घे, मेंडलीसारखेच सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे. सगळे संदर्भ त्यात डीओआयवरून नव्याने घाल, जर्नलची स्टाइल निवड, वर्डमध्ये त्याच्या बटणावरून सायटेशन टाक. यादी आपोआप बनते आणि मजकुरात जे आहे तेच यादीत येते. तुझी पहिली तक्रार तिथेच मिटली.

ग्रंथपाल_फोंडा

सडा_वास्को यांचा सल्ला बरोबर आहे, पण तो दुसऱ्या पायरीचा आहे. पहिली पायरी गाळून कोणी झोटेरोकडे गेले तर चुकीचे संदर्भ सुबक दिसायला लागतात, इतकेच. मी एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि आता घरी बसून मुलांच्या संदर्भयाद्या तपासून देते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाबा, पत्रात तक्रारी चार दिसतात. ब्लॉकची गोष्ट वेगळी, तिच्याकडे नंतर येऊ. बाकी तिन्हींचे मूळ एकच आहे: तुझ्या यादीतल्या नोंदी चार ठिकाणांहून आल्यात आणि मूळ लेख समोर ठेवून त्या कोणी ताडून पाहिलेल्या नाहीत. स्वल्पविराम कुठे, पूर्णविराम कुठे, तिरपा ठसा कशाला, हे सगळे शेवटी. आधी प्रत्येक नोंदीतली माहिती खरी आहे का ते बघायचे. वाचकाला तुझ्या संदर्भावरून तो लेख सापडला पाहिजे, यासाठीच तर ही यादी असते.

एक उदाहरण अगदी जवळून दाखवते, कारण ते तुझ्या यादीत असणारच. पाण्याचे पृथक्करण केले आहेस ना? मग स्ट्रिकलंड आणि पार्सन्स असणार. समुद्राच्या पाण्याच्या तपासणीचे त्यांचे हस्तपुस्तक कॅनडाच्या फिशरीज रिसर्च बोर्डाने ओटावाहून काढले, बुलेटिन क्रमांक 167. आपल्याकडे दोनापावलापासून कारवारपर्यंत ज्याने ज्याने पाण्याची बाटली भरली त्याने ते वापरले. आता गंमत अशी, की पहिली आवृत्ती 1968 ची आणि दुसरी 1972 ची, आणि बुलेटिन क्रमांक दोन्हींना तोच. त्यामुळे याद्यांमध्ये काय काय दिसते: वर्ष 1968 आणि पुढे ‘दुसरी आवृत्ती’, वर्ष 1972 आणि आवृत्तीचा उल्लेखच नाही, कधी बुलेटिन हे जर्नल समजून 167 हा खंड, आणि पुस्तकाची एकूण पाने 310 ही जणू लेखाची पाने. एकाने चुकवले, पुढच्याने त्याच्या पेपरातून उचलले, त्याच्या पुढच्याने त्याच्या थीसिसमधून. पुस्तक उघडून मुखपृष्ठामागचे पान बघायला दोन मिनिटे लागतात. तू कोणती पद्धत, कोणत्या आवृत्तीतून वापरलीस, ते प्रयोगशाळेतली प्रत हातात घेऊन बघ. नोंद अशी व्हायला हवी: स्ट्रिकलंड, जे. डी. एच., पार्सन्स, टी. आर., 1972, पुस्तकाचे नाव, दुसरी आवृत्ती, बुलेटिन 167, फिशरीज रिसर्च बोर्ड ऑफ कॅनडा, ओटावा. पुढे जर्नलच्या शैलीप्रमाणे तुकडे मागेपुढे होतील, पण तुकडे हेच.

सीनियरच्या थीसिसमधून घेतलेल्या नोंदींबद्दल म्हणूनच काळजी वाटते. त्या सगळ्यांवर लाल खूण कर आणि आधी त्याच तपास. प्रत्येकाचा डीओआय डीओआय डॉट ओआरजीवर टाकून लेखाचे पहिले पान उघड. लेखक सगळे आहेत का, क्रम तोच आहे का, आडनावाचे स्पेलिंग काय, शीर्षक, खंड, पाने. हल्ली बऱ्याच जर्नलांत पानांऐवजी लेख क्रमांक असतो. तो असेल तर तोच द्यायचा, पीडीएफवरचे ‘1 ते 12’ द्यायचे नाही. वर्षाकडे विशेष लक्ष दे. लेख ऑनलाइन 2019 च्या डिसेंबरात आला आणि खंड 2020 चा, असे सारखे होते. खंडाचे वर्ष धर, आणि मजकुरातही तेच वर्ष लिही. तुझ्या ‘मजकुरात आहे, यादीत नाही’ पैकी निम्मे याच वर्षांच्या घोळाचे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

ज्या लेखांचा डीओआय माहीत नाही त्यांच्यासाठी क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या साइटवर एक सोय आहे, सिंपल टेक्स्ट क्वेरी. आख्खी यादी तिथे चिकटवायची, सापडतील ते डीओआय ती शोधून देते. मिळालेला प्रत्येक डीओआय उघडून बघायचा, कारण सारख्या नावाचा दुसराच लेखही कधी येतो. जुने अहवाल, बुलेटिने, आपल्याकडच्या काही नियतकालिकांचे जुने खंड यांना डीओआय नसतोच. नसेल तिथे काही लिहायचे नाही. कुठल्यातरी पीडीएफची लिंक त्याच्या जागी चिकटवायची नाही. आणि डीओआय लिहायची आजची रीत पूर्ण पत्त्याची आहे, म्हणजे एचटीटीपीएसपासून सुरू होणारा डीओआय डॉट ओआरजी आणि पुढे क्रमांक. सुरुवातीला ‘डीएक्स’ असलेला जुना पत्ता क्रॉसरेफने 2017 पासून मागे ठेवला. तुझ्या यादीत दोन्ही प्रकार असतील तर एकसारखे कर.

एवढा आग्रह का, तर ही गोष्ट ऐक. एका मोठ्या प्रकाशकाच्या लेखकांसाठीच्या सूचनांमध्ये नमुना म्हणून एक संदर्भ छापलेला असायचा: व्हॅन डर गीर आणि इतर, 2000, वैज्ञानिक लेख लिहिण्याची कला अशा नावाचा, खंड 163, पाने 51 ते 59. असा लेखही नाही आणि त्या नावाचे जर्नलही नाही. तो फक्त स्वल्पविराम कुठे येतो हे दाखवायला होता. तरी शेकडो छापील लेखांच्या यादीत तो खरा संदर्भ म्हणून जाऊन बसला. ॲन-विल हार्झिंग या संशोधिकेने 2017 मध्ये हे सगळ्यांसमोर मांडले. आता तर चॅटबॉटला विचारले की तो खऱ्या लेखकांची नावे, खरे जर्नल आणि खरा वाटणारा डीओआय जोडून अस्तित्वातच नसलेला लेख उभा करतो. मुले तसे संदर्भ माझ्याकडे आणतात आणि मला फार वाईट वाटते, कारण पेपरातले काम खरे असते, खाजनात उभे राहून केलेले असते, आणि एका खोट्या नोंदीने सगळ्यावर संशय येतो. जो लेख तू उघडून पाहिलेला नाहीस तो यादीत ठेवू नकोस.

मग झोटेरो. त्यात नोंद घालतानाच तीन गोष्टी नीट कर. एक, शीर्षक पहिले अक्षर मोठे आणि बाकी लहान अशा रूपात साठव. तसे साठवलेले असले तर सॉफ्टवेअरला सगळी अक्षरे मोठी करता येतात, पण उलट त्याला जमत नाही, कारण ‘गोवा’ आणि ‘मांडवी’ ही विशेषनामे आहेत हे त्याला कळत नाही. दोन, माशाचे शास्त्रीय नाव शीर्षकात असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना कोनी कंसातली ‘आय’ची खूण घाल, म्हणजे यादीत ते तिरपे येते. डीओआयवरून आणलेल्या नोंदीत हा तिरपा ठसा पुष्कळदा गळलेला असतो. तीन, जर्नलचे पूर्ण नाव एका रकान्यात आणि संक्षेप दुसऱ्या रकान्यात. संक्षेप मनाने बनवायचे नाहीत, त्यासाठी आयएसओ 4 नावाचे मानक आहे आणि त्यातल्या शब्दांची यादी पॅरिसचे आयएसएसएन केंद्र सांभाळते. ‘मरीन पोल्यूशन बुलेटिन’चे ‘मार. पोलुट. बुल.’ होते, ‘हायड्रोबायोलॉजिया’ हे एकाच शब्दाचे नाव असल्याने तसेच राहते, त्याचे ‘हायड्रोबायोल.’ करायचे नसते.

एकदा हे झाले की वर्डमध्ये हात घालायचा नाही. यादीत चूक दिसली तर झोटेरोतल्या नोंदीत दुरुस्त कर आणि वर्डमध्ये ‘रिफ्रेश’ कर. वर्डमध्ये केलेली दुरुस्ती पुढच्या रिफ्रेशमध्ये पुसली जाते. मेंडलीतून आलेल्या जुन्या सायटेशनही काढून नव्याने घाल, दोन सॉफ्टवेअर एका फाइलमध्ये नांदत नाहीत.

लेखक-वर्ष ही पद्धत, जाता जाता सांगते, आपल्या प्राणिशास्त्रातलीच आहे. हार्वर्डचे एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी 1881 मध्ये शेतातल्या एका गोगलगाईवरच्या निबंधात कंसात नाव आणि वर्ष दिले, तिथून ती रुळली असे मानतात. वैद्यकवाल्यांची आकड्यांची पद्धत नंतरची, त्यांचे संपादक 1978 मध्ये व्हँकूव्हरला जमले तेव्हाची. काळुंदरावर लिहिणाऱ्याला मार्कसाहेबांची पद्धत मिळाली हे मला छान वाटते.

पर्वरी_प्रूफ

मी घरून प्रकाशकांसाठी कॉपी एडिटिंग करते. एक गोष्ट जोडते. आता बऱ्याच जर्नलांना पहिल्या वेळी संदर्भ त्यांच्या शैलीत असलेच पाहिजेत असे नाही. एल्सेव्हिअरची ‘युअर पेपर युअर वे’ ही सोय त्यातलीच: कोणतीही शैली चालते, फक्त ती सगळीकडे एकसारखी हवी आणि लेखक, शीर्षक, जर्नल, वर्ष, खंड, पाने हे भाग असायला हवेत. स्वीकारल्यानंतर शैली आम्ही लावतो. त्यामुळे आधी तुझ्या जर्नलचे ‘गाईड फॉर ऑथर्स’ वाच. पूर्णविरामांवर रात्री जागवायच्या की नाहीत ते तिथे कळेल.

ग्रंथपाल_फोंडा

पर्वरीताई, अगदी खरे. आणि बघा, ती सोय देणारेही काय मागतात? एकसारखेपणा आणि पूर्ण माहिती. याच दोन गोष्टींवर या मुलाचा पेपर परत आलाय.

गाईडबरोबर आणखी एक कर, खाजनकाठ. त्या जर्नलचा याच वर्षी छापलेला, तुझ्या विषयाजवळचा एक लेख घे आणि त्याची संदर्भयादी समोर ठेव. गाईड कधी कधी जुने राहते, छापलेले पान खोटे बोलत नाही. तीनपेक्षा जास्त लेखक असले की काय करायचे ते तिथे लगेच दिसते. शैलीनुसार यात फार फरक आहे: एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) शैलीच्या सातव्या आवृत्तीत यादीमध्ये वीस लेखकांपर्यंत सगळी नावे द्यायची, व्हँकूव्हरमध्ये सहा देऊन पुढे ‘एट आल.’ (म्हणजे ‘आणि इतर’).

खाजनकाठ (डिचोली)

ग्रंथपालताई, पर्वरीताई, सडावाले, तिघांचेही मनापासून आभार. स्ट्रिकलंड-पार्सन्स लॅबमध्ये जाऊन पाहिले. प्रत 1972 ची आहे.

अजून काही ठिकाणी अडलो आहे. ब्लॉक, 1790 चे काय करू? मजकुरात पहिल्यांदा नाव आले तिथे मी ‘एट्रोप्लस सुराटेन्सिस (ब्लॉक, 1790)’ असे लिहिले होते, तेवढाच उल्लेख. मग झोटेरोत सगळे घातल्यावर मजकुरात काही ठिकाणी डिसोझा यांच्या आधी आद्याक्षर येते आणि काही ठिकाणी येत नाही. स्टाइल तर एकच निवडली आहे. फळ देसाई आडनावाच्या एका लेखिकेची नोंद ‘देसाई’ खाली गेली आहे. दोन जुने थीसिस आहेत, त्यांतला एक 1979 चा, गोव्यातल्याच कामावरचा पण विद्यापीठ मुंबईचे. आणि मानस सांभाळणाऱ्या एका काकांनी पाणी कधी घेतात, कधी सोडतात याची माहिती दिली, ती कशी लिहू?

ग्रंथपाल_फोंडा

ब्लॉकपासून. ते सायटेशन नाहीच. 1790 मध्ये ब्लॉक यांनी या माशाला पहिल्यांदा शास्त्रीय नाव दिले, म्हणून नामकर्ता म्हणून त्यांचे नाव आणि वर्ष प्रजातीच्या नावामागे येते. कंस आहे, कारण त्यांनी तो मासा कीटोडॉन या प्रजातिगटात घातला होता आणि पुढे तो एट्रोप्लसमध्ये हलवला गेला. म्हणून कंस काढायचा नाही. काढलास तर अर्थ बदलतो. जर्नलच्या तपासणीत कंस, नाव आणि वर्ष दिसले की ते सायटेशन धरले जाते, म्हणून ती सूचना आली. प्राण्यांच्या नामकरणाच्या संहितेप्रमाणे नामकर्त्याचे नाव देणे ऐच्छिक आहे, पण रूढ आहे. गाईडमध्ये नामकर्त्याचा मूळ ग्रंथ यादीत द्या असे म्हटले असेल तर द्यायचा. वर्गीकरणाची काही जर्नले तसे मागतात. नसेल म्हटले तर ब्लॉक यादीत नको, आणि पेपर परत पाठवताना संपादकांच्या पत्रात एक ओळ लिही: हे प्रजातीचे नामकर्ते आहेत, संदर्भ नव्हे. नाव आणि वर्ष पुन्हा एकदा कॅटलॉग ऑफ फिशेस या माशांच्या शास्त्रीय नावांच्या ऑनलाइन सूचीतून तपासून घे. फिशबेस या माशांच्या डेटाबेसमधून माहिती घेतली असशील तर त्याचाही संदर्भ द्यावा लागतो: संपादक फ्रोस आणि पॉली, आणि तू पाहिलीस त्या आवृत्तीचा महिना व वर्ष.

आता डिसोझा. हा प्रश्न गोव्याच्या प्रत्येक यादीत येतो. झोटेरोला सारख्या आडनावाचे दोन वेगळे लेखक दिसले, की वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून तो आद्याक्षर लावतो. तुझ्याकडे माणूस एकच आहे, पण नोंदी वेगवेगळ्या आहेत: एकीत पूर्ण पहिले नाव, दुसरीत फक्त आद्याक्षर. शिवाय ‘डी’नंतरची ती वरची खूण एकीकडे सरळ टाइपरायटरची आणि दुसरीकडे वळलेली छापखान्याची. कॉम्प्युटरला ही दोन माणसे वाटतात. झोटेरोत डिसोझा शोध, सगळ्या नोंदी एकाखाली एक आण आणि नाव अक्षरशः एकसारखे कर. खरोखरच दोन वेगळे डिसोझा असले तर मात्र आद्याक्षर राहू दे, ते तिथे हवेच. त्यासाठी दोन्ही लेखांची पहिली पाने उघडून संस्था वगैरे बघायला लागेल.

फळ देसाई, सिनाय काकोडकर, नाईक गावकर, शेट वेरेकर अशी आपली जोड आडनावे परदेशी डेटाबेसमध्ये हमखास तुटतात. पहिला शब्द पहिल्या नावात ढकलला जातो आणि बाई देसाई होतात. त्यांच्या नावावरचा लेख मग कोणी शोधला तर मिळत नाही, आणि त्यांच्या कामाची गणनाही चुकते. हे फक्त टापटिपीचे प्रकरण नाही, एका गोवेकर संशोधिकेचे श्रेय तिच्या नावाखाली जाते की नाही याचे आहे. झोटेरोत आडनावाच्या रकान्यात दोन्ही शब्द घाल, पहिल्या नावाच्या रकान्यात फक्त पहिले नाव. पण त्याआधी लेखिकेने स्वतः पेपरवर काय छापले आहे ते बघ. काही जण स्वतःच जोडून लिहितात, काही मध्ये रेघ देतात, काहींनी लग्नानंतर बदलले आहे. लेखावर जसे आहे तसे. दा कोश्ता, दे सौझा अशा नावांत तो ‘दा’, ‘दे’ सॉफ्टवेअर वेगळा काढून यादीत मागे टाकतो; संपूर्ण आडनाव दुहेरी अवतरणात घातलेस की तो तसे करत नाही.

थीसिस. गोवा विद्यापीठ 1985 मध्ये सुरू झाले. त्याआधीचे गोव्यातले पुष्कळ काम मुंबई विद्यापीठाला सादर झाले आहे, म्हणून 1979 चा थीसिस तसा असणे बरोबर आहे. फक्त इंग्रजीत ते विद्यापीठ तेव्हा ‘बॉम्बे’ होते, ‘मुंबई’ 1996 मध्ये झाले. थीसिसच्या पहिल्या पानावर जे छापले आहे तेच नोंदीत. पीएचडीचा की एमएस्सीचा तेही लिही. दुसरा थीसिस गोवा विद्यापीठाचा असेल तर शोधगंगेवर (भारतीय थीसिसांच्या ऑनलाइन संग्रहावर) आहे का बघ, तिथली कायमची लिंक देता येते. आणि त्या थीसिसमधला तोच भाग पुढे जर्नलमध्ये छापून आला असेल तर छापील लेख दे. तोच नियम प्रीप्रिंटला, म्हणजे जर्नलमध्ये छापण्याआधी ऑनलाइन ठेवलेल्या मसुद्याला.

मानशीवरच्या काकांचे. प्रत्यक्ष बोलून मिळालेली माहिती बहुतेक शैलींत यादीत जात नाही, मजकुरातच ‘वैयक्तिक संवाद’ म्हणून नाव, गाव आणि महिना-वर्ष देतात. पण आधी त्यांना विचार. नाव छापले तर चालेल का, कसे छापू, हे त्यांनी सांगायचे. ते हो म्हणाले तर आभारातही लिही. पाणी किती घ्यायचे आणि केव्हा सोडायचे हे ज्ञान त्यांच्याकडचे आहे, पेपरात ते कुठून आले हे दिसलेच पाहिजे.

म्हापसा_वनस्पती

ताई, मध्येच विचारते. भिरंडावर (कोकमावर) लिहिते आहे. गार्सिया द ओर्ताचा संदर्भ सगळे देतात, कोणी 1563 लिहितात, कोणी 1913. खरे कोणते?

ग्रंथपाल_फोंडा

दोन्ही खरी, पण पुस्तके दोन आहेत. ओर्तांचा पोर्तुगीज ग्रंथ 1563 मध्ये इथे गोव्यातच छापला गेला. 1567 मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लॅटिनमध्ये त्याचा संक्षेप केला. क्लेमेंट्स मार्कम यांचे इंग्रजी भाषांतर 1913 चे, लंडनचे. तुम्ही हातात घेऊन वाचले ते कोणते? मार्कम वाचले असेल तर 1913 द्या, भाषांतरकाराचे नाव द्या आणि मूळ वर्ष 1563 चौकोनी कंसात. मूळ पोर्तुगीज न वाचता नुसते 1563 लिहायचे नाही. पान क्रमांकही त्याच प्रतीचा द्यायचा. आणि कृपा करून पेपरात ‘गार्सिनिया हे नाव गार्सिया द ओर्ता यांच्यावरून’ असे लिहू नका, ते कुठेकुठे वाचायला मिळते. लिनियसने ते नाव लॉरें गार्सिन यांच्यावरून दिले. शिवाय खाजनकाठच्या ब्लॉकसारखेच तुमचे: गार्सिनिया इंडिका (थुआर्स) श्वाझी, हे नामकर्ते आहेत, यादीत जायचे नाहीत. वनस्पतींत नामकर्त्यापुढे वर्ष देत नाहीत, त्यामुळे तुम्हाला तशी सूचना येण्याची शक्यता कमी.

खाजनकाठ (डिचोली)

डिसोझा सुटला! चार नोंदींत चार तऱ्हा होत्या. फळ देसाई मॅडमचा लेख उघडून पाहिला, त्या मध्ये रेघ देतात, तसेच केले. काकांना आज संध्याकाळी भेटतो.

शेवटचे एकच. फाइल पाठवताना झोटेरोच्या खुणा आत राहू देऊ का?

सडा_वास्को

जर्नलच्या साइटवर चढवताना कधी कधी त्या खुणांमुळे पीडीएफ बिघडते. फाइलची एक प्रत वेगळी ठेव आणि दुसऱ्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ कर. पहिली प्रत जपून ठेव, रिव्ह्यूनंतर दुरुस्त्या त्यातच करायच्या आहेत, अनलिंक केलेले परत जोडता येत नाही. आणि तुझे सर गूगल डॉक्समध्ये बघणार असतील तर मूळ फाइल तिथे टाकू नकोस, खुणा मोडतात. त्यांना पीडीएफ दे.

ग्रंथपाल_फोंडा

हे बरोबर सांगितले. अनलिंक केलेली प्रत छापून घे. मजकूर एकाच्या हातात, यादी दुसऱ्याच्या. पहिल्याने कंसातले नाव आणि वर्ष मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने यादीत टिक करायची. तक्त्यांखालच्या आणि आकृत्यांखालच्या ओळीही वाचायच्या, तिथले संदर्भ नेहमी सुटतात. एकाच लेखकाचे एकाच वर्षाचे दोन लेख असतील तर 2015ए आणि 2015बी हे दोन्हीकडे जुळते का ते बघायचे. आकडेमोडीसाठी आर हे संख्याशास्त्राचे सॉफ्टवेअर वापरले असेल तर त्यात ‘सायटेशन’ ही आज्ञा दिली की त्याचा संदर्भ कसा द्यायचा ते तेच सांगते. तो आणि वापरलेल्या पॅकेजचा संदर्भ यादीत आहे का तेही बघ.

शेवटी ज्याच्यावर टिक नाही ते यादीतून जाईल, किंवा मजकुरात कुठे राहून गेले ते सापडेल. पाठवण्याआधी यादीचे पहिले पान इथे टाकलेस तर मी नजर घालते. शनिवारी दुपारनंतर मोकळी आहे.